रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत

कोल्हापुरात आडनावाऐवजी ‘पेंटर’ हीच ओळख चिकटलेली माणसे पुष्कळ आहेत. बाबूराव मेस्त्री यांचे बाबूराव पेंटर झाले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. माझे वडील त्या मानाने फारच साधे, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. पत्र्याला अस्तर द्यायचे, ते वाळले की ऑइल पेंटचा पहिला हात मारायचा, तो रात्रभर तसाच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात आणि त्यानंतर खडूने रेघा आखून अक्षरे, असा त्यांच्या कामाचा क्रम असे. पहिला हात ओला असताना घाईने दुसरा चढवला तर रंगाला सुरकुत्या पडतात आणि सगळा पत्रा घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यामुळे बाबा दुपारी जेवायला घरी येत आणि संध्याकाळी आम्हा भावंडांना रंकाळ्यावर नेत. घरासाठी वेळ काढणे ही त्यांची शिस्त आहे असे मला लहानपणी वाटे. त्या शिस्तीतला निम्मा वाटा न वाळलेल्या रंगाचा होता, हे कळायला मला स्वतः चित्रकार व्हावे लागले.

मी गेली बारा वर्षे पुण्यात डिजिटल चित्रे काढते. त्यात मुलांची पुस्तके असतात, कधी एखाद्या उत्पादनाचे वेष्टन असते आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक असतात. स्क्रीनवरचा रंग ओला नसतो, म्हणून तो वाळतही नाही. मागच्या वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले असताना रात्री अकरा वाजता मला पेन टॅब्लेटवर वाकलेली पाहून त्यांनी विचारले, “परवा संपलं म्हणत हुतीस न्हवं हे?” मी म्हटले, “संपलं होतं बाबा, पण त्यांना मागचं आभाळ बदलून हवंय.” त्यांनी क्षणभर स्क्रीनकडे पाहिले आणि “मग वाळलंच न्हाई म्हण की,” एवढे बोलून ते झोपायला गेले. डिजिटल कामाचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे कुठेही ऐकलेले नाही.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी चित्रकाराचे वर्ष या एका हंगामाभोवती फिरत आले आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवर एक अख्खी वाचकपिढी पोसली गेली. त्या काळी मूळ चित्र छपाईचे ब्लॉक करायला गेले की त्यात फेरफार करणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते, त्यामुळे संपादकाला जे सांगायचे ते त्याआधी सांगावे लागे. माझ्या फाइलमध्ये मात्र आभाळ एका लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, बाई दुसऱ्या लेअरवर आणि तिची साडी तिसऱ्या लेअरवर असते, आणि ही गोष्ट आता काम देणाऱ्यालाही ठाऊक झालेली असते. “फक्त एक लेअर तर बदलायचा आहे” या वाक्याला उत्तर देणे अवघड जाते, कारण ते खोटे नसते. एका वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी घरात पाहुणे असताना मी आतल्या खोलीत बसून एका मुखपृष्ठावरच्या साडीचा रंग चौथ्यांदा बदलत होते. शेवटी काम देणाऱ्यांनी पहिलाच रंग ठेवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझे ताट त्यांनी झाकून ठेवले होते. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

दोष सगळा काम देणाऱ्यांचा होता असे मी म्हणणार नाही. कोणी मागितले नाही तरी मी स्वतःहूनही तेच करत असे. ‘अन्डू’ची, म्हणजे केलेले मागे घेण्याची, सोय असली की कोणताही निर्णय शेवटचा राहत नाही, चित्र आठपट मोठे करून छापील पानावर कुणालाही दिसणार नाही अशी पापणी मी तासभर सुधारत बसे आणि त्यालाच निष्ठा समजे. त्या तासात हात मात्र काहीच नवे शिकत नसे. कौशल्य वाढवण्याच्या नावाखाली मी टॅब्लेटवरचे नवनवे ब्रशसंच विकत घेतले, आणि दोन वर्षांनी पाहिले तर माझ्या चित्रांतल्या बायकांचे हात पदराआड किंवा परडीखालीच लपलेले होते, कारण मला हात काढता येत नव्हते. नऊवारीच्या निऱ्याही मी एका ठरावीक वळणाने उरकत असे. कासोटा ओढून खोचला की कापडाचा ताण कमरेपासून कुठे जातो आणि गुडघ्यापाशी ते कुठे सैल पडते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ब्रशसंचात ते मिळत नाही.

मग मी औंधला गेले. सातारा जिल्ह्यातल्या या एकेकाळच्या लहानशा संस्थानच्या गावी भवानी संग्रहालय आहे आणि तिथे रविवर्म्यापासून धुरंधरांपर्यंत अनेकांची मूळ चित्रे पाहायला मिळतात. खरे तर ती मुलीच्या सुट्टीतली सहल होती, अभ्यासदौरा नव्हताच. मी धुरंधरांच्या आकृतींपुढे वही उघडून उभी राहिले, आणि माझी नऊ वर्षांची मुलगी इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या दगडी आई-मुलापुढे जाऊन “आई, हिला चेहराच नीट काढलेला नाही” असे सांगत आली. त्या दिवशी पेन्सिलीने काढलेली सहा-सात रेखाटने मला महिन्याभराच्या कामापेक्षा जास्त देऊन गेली. तेव्हापासून सकाळी चाळीस मिनिटे मी कागदावरच काढते, खोडरबर जवळ ठेवत नाही आणि त्यातले काही कुणाला दाखवत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना आम्ही स्थिरचित्र आणि स्मरणचित्र घोटून काढत असू; तेच पुन्हा सुरू केले आहे, इतकेच. स्मरणचित्र हा विषय मला तेव्हा मुळीच आवडत नसे. आता भाजी घेताना पाहिलेली बाई दुसऱ्या दिवशी आठवून काढते, तेव्हा आपण किती कमी पाहतो हे उघडे पडते.

अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे मनगटाला पट्टा बांधायला लावला. टॅब्लेट लहान, चित्र मोठे करून पाहायची सवय, त्यामुळे लांब रेषाही मी केवळ बोटांनी आणि मनगटाने ओढत असे. बाबा पाटी रंगवताना टोकाला कापडाचा बोळा बांधलेली काठी पत्र्यावर टेकवत, तिच्यावर मनगट ठेवत आणि रेषा खांद्यातून येई. चाळीस वर्षे ब्रश धरूनही त्यांचा अंगठा शाबूत आहे. पट्टा सुटल्यावर मी टॅब्लेट उंच आणि तिरपा केला, लांब रेषांसाठी चित्र लहान करून पूर्ण हात फिरवू लागले, आणि रेषा आधीपेक्षा निश्चित सुधारली.

वाळण्याची वेळ मी आता स्वतः ठरवते. कच्च्या आराखड्याला लेखी संमती मिळाल्याशिवाय रंग सुरू करत नाही. सपाट रंग भरून झाले की सगळे लेअर एकत्र केलेली प्रत पाठवते आणि ती रात्र फाइल उघडत नाही. दोन फेऱ्यांनंतरच्या बदलांचे वेगळे पैसे लागतील हे पत्रात आधीच लिहिते. गंमत अशी की, पैशांचा उल्लेख आला की तीन रंगांमधला कोणता हवा हे लोकांना लगेच कळते. सकाळच्या ताज्या डोळ्यांना चूक पाच मिनिटांत दिसते, आणि स्क्रीनवर झळकणारा पोपटी रंग छपाईत मळकट होणार हेही तेव्हाच सुचते. या अटींमुळे दोन जुनी कामे गेली. त्यातले एक गेल्याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या पुस्तकांचा मजकूर फार चांगला असे.

हे सगळे दर वेळी जमते असे नाही. यंदा तीन मुखपृष्ठे आली होती आणि मी दोनच घेतली, तरी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सकाळची चाळीस मिनिटे पाच दिवस बुडाली. नवरा स्वयंपाक करत होता आणि मुलगी माझ्या टेबलाखाली बसून आरास कापत होती. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी तब्येतीची चौकशी केली आणि मग विचारले, “कितवा हात चाललाय?” मी म्हटले, “पहिला वाळतोय,” आणि फोन कानाशी धरूनच मुलीच्या हातातली दुसरी कात्री घेऊन खाली बसले.