कॉपी म्हणजे मूळ

एका दैनिकात उमेदवारी करू लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात वृत्तसंपादकांनी माझ्याकडे एका सभेच्या बातमीची ‘कॉपी’ मागितली. शाळेपासून कॉपी म्हणजे परीक्षेतला चोरटा व्यवहार, फार तर झेरॉक्स, एवढेच ठाऊक असल्यामुळे मी हाताने लिहिलेले कागद खणात जपून ठेवले आणि खालच्या दुकानातून त्यांची झेरॉक्स काढून आणून त्यांच्यापुढे ठेवली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, “अहो, हे नको, कॉपी द्या.”

वृत्तपत्राच्या कचेरीत कॉपी म्हणजे नक्कल नव्हे. छापखान्यातल्या जुळाऱ्याने ज्याकडे पाहून अक्षरांचे खिळे जुळवायचे, तो मूळ मजकूर म्हणजे कॉपी. हे उफराटे वाटते खरे, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. लॅटिनमधल्या ‘कोपिया’ या शब्दाचा अर्थ विपुलता असा होता. एखादा ग्रंथ उतरवून घेण्याची मुभा देणे या अर्थाच्या वाक्प्रयोगांतही तो येई, आणि त्यातूनच पुढे उतरवलेल्या प्रतीला तो शब्द चिकटला. छापखान्यात मात्र समोरचा कागद लेखकाच्या हातचा आहे की लेखनिकाच्या, याच्याशी जुळाऱ्याला कर्तव्य नसे. ज्यावरून जुळवायचे ती कॉपी, एवढाच त्याचा हिशेब. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहाच्या शीर्षकपृष्ठावर तर हा ग्रंथ ‘खऱ्या मूळ कॉपीं’बरहुकूम छापल्याचे म्हटले आहे, आणि त्या काळच्या वाचकाला त्यात काहीही विसंगत वाटले नसावे. ब्रिटनच्या १७१०च्या कायद्याने छापील पुस्तकांच्या ‘कॉपी’ लेखकांकडे सोपवल्या, तेव्हा त्या शब्दाने छापण्याचा हक्कच अभिप्रेत होता. ‘कॉपीराइट’मध्ये आज आपण तोच अर्थ बाळगून आहोत.

वर्तमानपत्रांनी या शब्दाला आणखी राबवले. अमेरिकेतल्या वृत्तकक्षात बातमीदाराने टंकयंत्रातून पान ओढून ‘कॉपी!’ अशी आरोळी ठोकली की कॉपी-बॉय ते उचलून संपादनाच्या टेबलाकडे धावत असे. लंडनच्या दैनिकांत दूरध्वनीवर बातमी ऐकून ती टंकित करणारे कॉपीटेकर होते. ज्याच्याविषयी लिहिले की वाचक हमखास मिळतो, असा माणूस म्हणजे ‘गुड कॉपी’, मग तो पुढारी असो वा दरोडेखोर. आणि गंमत म्हणजे वितरण विभागात गेले की कॉपी म्हणजे विकला जाणारा अंक! एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरची कॉपी एकुलती एक आणि तळमजल्यावरची हजारोंनी मोजायची.

आपल्याकडे श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली जो कायदा झाला, त्यातल्या पत्रकाराच्या व्याख्येत उपसंपादक, बातमीदार, मुद्रितशोधक यांच्या पंगतीला ‘कॉपी-टेस्टर’ही, म्हणजे कॉपी तपासणाराही, बसलेला होता. मला स्वतःला जिव्हाळा आहे तो कॉपीहोल्डरचा. मुद्रितशोधकाशेजारी बसून तो मूळ मजकूर एका सुरात वाचून दाखवी, आणि ‘स्वल्पविराम, अवतरण सुरू, मंत्री म्हणाले, पूर्णविराम, नवा परिच्छेद’ हे त्याचे पठण दूरवरून ऐकले तर कुठे तरी पोथी लागली आहे असे वाटे.

मराठीने ‘मुद्रणप्रत’ हा नेमका शब्द घडवला असूनही वृत्तपत्रांच्या घाईत तो रुजला नाही, याची मला थोडी खंत वाटते. वास्तविक ‘प्रत’ हा शब्दही तितकाच बहुरूपी आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध करून सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी ही प्रतच, कालच्या अंकाचीही प्रतच, आणि वाण्याकडचा तांदूळही वरच्या किंवा खालच्या प्रतीचा.

माझ्या त्या बातमीचे सांगायचे राहिले. वृत्तसंपादकांचा रोख कळल्यावर मी खणातले कागद काढून दिले. त्यांनी अर्ध्या ओळी छाटल्या, मथळा घातला, आणि वेळ थोडा उरल्यामुळे फोरमनने कागदांचे तीन तुकडे करून ते तीन जुळाऱ्यांना वाटले. मुद्रिते तपासून होईपर्यंत त्या तुकड्यांवर शाईच्या अंगठ्यांचे ठसे उमटले होते. मग ते तारेला टोचले गेले आणि काही दिवसांनी रद्दीत गेले. ती झेरॉक्स मात्र अजून माझ्याकडे आहे.