आठ सर्ग आणि एक द्राक्षबाग

आज संध्याकाळी भाचा वही घेऊन दारात. अकरावीला आहे. "मावशी, मला महाकाव्य लिहायचंय." मी चहाच ठेवला आधी.

'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथाने महाकाव्याला निदान आठ सर्ग, म्हणजे अध्याय, सांगितलेत, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मग म्हटलं, सुरुवातीला नमनच हवं असं नाही, दंडी या दुसऱ्या जुन्या काव्यशास्त्रकाराच्या मते थेट विषयालाही हात घालता येतो. नायक कोण? तर म्हणे, राम. पंचवटीत राहतो ना आपण! (नाशिककराला दुसरं सुचतच नाही.) विचारलं, तू स्वतः पाहिलेली लढाई कोणती? बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "आजोबांची बाग. गारपीट झाली होती तेव्हाची."

झालं की! महाकाव्यातल्या ठरलेल्या नगरवर्णनाऐवजी निफाडचा मळा, सैन्याऐवजी गारा. वृत्तात अडकायला नको म्हणून ओवी सुचवली: साडेतीन चरण, पहिल्या तिघांचं यमक, शेवटचा तोकडा. पठ्ठ्याने तिथेच लिहिली:

आभाळ आले माथ्यावरी
गारा फुटल्या वेलींवरी
आजा उभा बांधावरी
ओलाचिंब

'वरी'चं यमक स्वस्तातलं आहे, तसं सांगितलंही. पण तो 'ओलाचिंब' वाचून मी कप खाली ठेवला.

आता रोज पाच ओव्या, आवडोत न आवडोत, असं ठरलंय. जाताना विचारतो, "आजोबांना नायक केलेलं सांगू का?" म्हटलं, आधी एक सर्ग तर होऊ दे. नाहीतर ते रोज हिशोब विचारतील.