तुमचा वेगळा वकील घ्या

‘ताई, तुम्ही तुमचा वेगळा वकील घ्या.’ एवढं मी म्हणाले आणि ठरत आलेला व्यवहार मोडला. ज्यांची मी वकील होते त्या नवराबायकोच्या हातून घर गेलं. मी हे ज्यांना म्हणाले त्या बाई माझ्या अशील नव्हत्याच. बरेच महिने झाले, तरी तो दिवस डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात टायटलचं, म्हणजे मिळकतीची मालकी तपासण्याचं काम करते. कोर्टात क्वचितच उभी राहते. लोकांना वाटतं, घराच्या व्यवहारात वकील म्हणजे करारनामा टाइप करून देणारा आणि नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टोकन नंबर कधी लागतो ते बघणारा. खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं असतं, ते म्हणजे सर्च, मिळकतीच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदी शोधणं. 2002 नंतरच्या नोंदी ऑनलाइन सर्चमध्ये मिळतात. त्याआधीच्या पाहायला कार्यालयात जाऊन सूचीची जुनी बाडं उलटावी लागतात. त्यातली काही पानं फाटलेली, काही वर्षांची बाडं बाइंडिंगला गेलेली, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहावं लागतं. सर्च 30 वर्षांचा का, असं अशील विचारतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात 30 वर्षं दिलेली आहेत, तेव्हा त्याहून कमी मागं जाऊन भागत नाही.

हे जोडपं माझ्याकडे आलं ते विकणाऱ्याला टोकनची रक्कम देऊन झाल्यावर. बहुतेक असेच येतात. फरशीचा रंग ठरलेला असतो, मुलांच्या शाळेची चौकशी झालेली असते, आणि वकील शेवटी. तो चाकणच्या कारखान्यात, ती शाळेत शिक्षिका. पिंपरीचं वन बीएचके विकून कोथरूडला जुन्या सोसायटीत टू बीएचके घेत होते, 92 लाखांना. एजंटनं ‘आमचे वकीलसाहेब आहेत, स्टँप-रजिस्ट्रेशन-वकील सगळं पॅकेजमध्ये’ असं सांगितलं होतं. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलानं टायटल क्लिअर असल्याचा अहवालही दिला होता. तरी बायकोच्या भावानं आग्रह धरला म्हणून फाइल माझ्याकडे आली.

इथं मला राग येतो तो सांगून टाकते. एजंटचा वकील व्यवहार पूर्ण झाला तरच पुढचं काम मिळणार अशा स्थितीत असतो. विकणाऱ्याचे कागदही तोच करतो आणि घेणाऱ्यालाही तोच ‘काही काळजी करू नका’ म्हणतो. एका पक्षासाठी काम केलेल्या वकिलानं त्याच प्रकरणात समोरच्याचं काम करू नये, असं बार कौन्सिलच्या नियमांत आहे. पण तो नियम फक्त कोर्टातल्या दाव्यांसाठी आहे असं समजून सगळे चालतात. मी उमेदवारी केली ती मुंबईत, फोर्टमधल्या एका सॉलिसिटर पेढीत. तिथं विकणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा. टायटलबद्दलचे प्रश्न लेखी जायचे, उत्तरं लेखी यायची. वेळ लागायचा. पण कोण कोणाचं हित पाहतोय याबद्दल कोणाच्या मनात गोंधळ नसायचा. आणि बँकेचा वकील? त्याची फी तुम्ही भरता, पण तो बँकेचा असतो. घराला खोट निघाली तरी बँकेला तुमचा पगार आहे, जामीनदार आहे. तुम्हाला फक्त ते घर आहे.

फाइल उघडली. फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांनी 1986 साली घेतलेला. वडील 2011 ला गेले, आई 2014 ला. मृत्युपत्र कोणाचंच नाही. सोसायटीनं नॉमिनेशनवरून शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर केलेलं. पॅनेलवरच्या वकिलानं तेवढ्यावर त्याला मालक ठरवलं होतं. नॉमिनी म्हणजे मालक हा समज सुशिक्षित घरांतही इतका घट्ट बसलाय की तो काढता काढता मी थकते. सोसायटी कोणाशी पत्रव्यवहार करणार, एवढंच नॉमिनेशननं ठरतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर सहकार कायद्यातच स्पष्ट आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद.

मग दोन कागद शेजारी शेजारी सापडले, एकाच वकिलानं केलेले. एक, विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र: ‘मी मयताचा एकमेव वारस आहे.’ दुसरा, 100 रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र, 2014 सालचं, बहिणीनं भावाला लिहून दिलेलं. एकमेव वारस असाल तर हक्क सोडला कोणी? दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये टाचताना त्या माणसाच्या हाताला काहीच लागलं नाही? आणि हक्कसोडपत्र नोटरीचं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, नोंदणी कायद्याचं कलम 17. नोटरीच्या लाल शिक्क्यानं तो हक्क सुटत नाही. बहिणीचा निम्मा हिस्सा होता तिथंच होता.

एजंटच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, बारा वर्षं होत आली, तिचा हक्क बुडाला.’ सहमालकाचा ताबा हा दुसऱ्या सहमालकाचा हक्क बुडवणारा ‘विरुद्ध ताबा’ होत नाही, तिचा हक्क उघडपणे नाकारल्याशिवाय तर नाहीच, हे कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. ‘जाहीर नोटीस दिली होती, हरकत आली नाही,’ हे त्यांचं दुसरं उत्तर. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी पुणे आवृत्तीत आतल्या पानावर आलेली चार बोटांची नोटीस. बहीण लग्न होऊन इंदूरला गेलेली.

माझ्या अशिलांना मी सरळ सांगितलं. बहिणीशिवाय घेतलंत तर 92 लाखांत अर्धा फ्लॅट घेताय. त्यातही मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 असं की राहत्या घरातला एका भावंडाचा हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर त्याला एकत्र ताबाही मागता येत नाही. बायको घाबरली. नवरा म्हणाला, ‘मग तिची सही घेऊ या. त्यात काय?’

बरोबर होतं. उपाय साधा होता. बहिणीनं खरेदीखतात ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारी म्हणून सही करायची. पुण्याला येणं जमत नसेल तर इंदूरच्या निबंधकासमोर कुलमुखत्यारपत्र करायचं. मी मसुदासुद्धा तयार ठेवला होता. विकणारे आधी ‘ती आजारी असते’ म्हणाले, मग ‘तिला यात पडायचं नाही’ म्हणाले, आणि शेवटी एका शनिवारी माझ्या ऑफिसात सगळे बसलेले असताना व्हिडिओ कॉल लावायला तयार झाले.

बाई पन्नाशीच्या. मागं स्वयंपाकघर. भावानं फोन माझ्यासमोर धरला. मी कोण, कोणाची वकील, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दादा म्हणतो तिथं सही करते मी.’

इथं थांबता आलं असतं. माझ्या अशिलांना हवं ते मिळालं होतं. पण दस्तावर सही घेण्याआधी सही करणाऱ्याला तो काय आहे हे माहीत आहे ना, एवढं मी विचारतेच. विचारलं, ‘वडिलांच्या फ्लॅटमधला तुमचा हिस्सा यात विकला जातोय, हे माहीत आहे ना?’

‘माझा हिस्सा? नॉमिनी तर दादा आहे.’

‘2014 साली तुम्ही एक हक्कसोडपत्र केलंय.’

त्या जरा आठवून म्हणाल्या, ‘आईच्या तेराव्याला आले होते तेव्हा एक सही केली होती. सोसायटीचा कागद होता तो.’

भाऊ म्हणाला, ‘अगं तेच ते.’

मग मी ते वाक्य बोलले. या फ्लॅटमध्ये कायद्यानं निम्मा हिस्सा तुमचा आहे, तो द्यायचा की नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. पण मी घेणाऱ्यांची वकील आहे, दादांचे वकील दादांचे आहेत, तुमच्या बाजूचं इथं कोणी नाही. तुम्ही तुमचा वेगळा वकील घ्या आणि मग सही करा.

फोन बंद झाला. भाऊ उठला आणि म्हणाला, ‘लोकांच्या घरात भांडणं लावायची फी घेता का, मॅडम?’ एजंट त्याच्यामागून गेला. पुढच्या आठवड्यात व्यवहार रद्द झाल्याचा निरोप आला. टोकन परत मिळवायला नोटीस पाठवावी लागली. मिळालं.

त्या दिवशी जिना उतरण्याआधी माझे अशील मला म्हणाले, ‘ती सही करत होती, मॅडम. तुम्ही आमच्या वकील होतात.’

मी त्यांना समजावलं. हक्क काय हे न कळता दिलेली सही पुढं रद्द करून मागता येते, आणि तो दावा लावायची मुदत कळल्यापासून मोजतात. उद्या तिच्या मुलांनी विचारलं असतं तर प्रतिवादी तुम्ही झाला असतात. हे खरं आहे. पण मी तेवढ्यासाठी बोलले का? ती बाई ‘माझा हिस्सा?’ म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात जे ऐकलं त्यामुळं बोलले. आपल्याकडे बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. माझ्याकडे येणारं प्रत्येक जोडपं पहिल्यांदा त्याबद्दल विचारतं. बायकांच्या नावावर घरं व्हावीत म्हणून सरकार महसूल सोडतं, आणि वडिलांच्या घरात आधीपासून असलेला हिस्सा तेराव्याच्या गडबडीत 100 रुपयांच्या कागदावर काढून घेतला जातो.

काही दिवसांनी इंदूरच्या त्या बहिणीचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला ते विचारलं नाही. ‘वकिलाला किती पैसे लागतात?’ एवढाच प्रश्न. तुमचं काम मला घेता येणार नाही, असं सांगितलं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवला. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात विचारा, म्हणाले. त्या ‘बघते’ म्हणाल्या. दादांना दुखवायचं नाही, असंही म्हणाल्या.

मध्यंतरी दुसरा एक सर्च करताना त्याच सोसायटीच्या नोंदी समोर आल्या. फ्लॅट विकला गेलाय. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, लिहून देणार एकच, भाऊ. घेणारं कोणीतरी नवंच जोडपं. त्यांना मी काही कळवू शकत नाही. अशिलाच्या फाइलमध्ये जे वाचलं ते माझं सांगायचं नाही.

माझ्या अशिलांनी आता वाकडला घर घेतलंय, लहान आणि लांब. बाईंना रोज दोन बस बदलून शाळेत जावं लागतं. करारनामा त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला, या वेळी टोकनच्या आधी. तरी त्या शनिवारबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही. परवा नोंदणी झाल्यावर चहा घेताना ते पुन्हा म्हणाले, ‘ती सही करत होती.’ मी पुन्हा मुदतीचा कायदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण खोडून काढणंही मला अजून जमलेलं नाही.