बारा पाती

देवगडच्या जेटीपासून हाकेच्या अंतरावर माझं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक चेन ब्लॉक आणि दारात डिझेलनं काळी पडलेली जमीन. ट्रॉलरची सहा सिलिंडरची मशीनं आणि होड्यांच्या मागे लटकवायची आउटबोर्ड मशीनं, एवढ्यावर गेली बावीस वर्षं पोट चाललंय.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. जेवायला बसणार एवढ्यात एका ट्रॉलरमालकाचा फोन. "मशीन गरम होऊन बंद पडला. गिर्याच्या भायर, पंधरा वावात. नांगर टाकून रवलेत." गिर्ये म्हणजे विजयदुर्गाजवळचं गाव, वाव म्हणजे सहा फूट खोली.

मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. त्या ट्रॉलरचा पाण्याचा पंप आठच दिवसांपूर्वी मी उघडला होता. त्यात तळहाताएवढं रबराचं चाक असतं, इम्पेलर. त्याला बारा पाती. ती फिरतात, समुद्राचं पाणी ओढतात आणि कुलरमधून ढकलतात, म्हणून मशीन थंड राहतं. त्या इम्पेलरचं रबर कडक झालं होतं. नवा रत्नागिरीहून यायला दोन दिवस लागणार होते, मालकाला पहाटे निघायचं होतं. मी जुनाच धुऊन, ग्रीस लावून परत बसवला. "चार दिवस काढेल," म्हणालो होतो. त्यानं आठ काढले, पण ते कौतुक रबराचं, माझं नाही.

मालकानं आधी एका सरकारी कार्यालयाला फोन लावून पाहिला होता. त्यांची एक वेगवान गस्तीची बोट आमच्याच जेटीला बांधलेली असते. उत्तर आलं की बोट आहे, पण मशीनच्या कामाची मंजुरी यायची आहे. ती बोट मी रोज बघतो. बुडाला हिरवं शेवाळ, पंख्याला कालवं धरलेली. वेग कागदावर असेल तेवढा असेल. बाकीचे ट्रॉलर खाली मालवणकडे गेलेले, कोणाला रेंज नव्हती. शेवटी मालकाची फायबरची होडी काढायची ठरली, चाळीस-चाळीस हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड असलेली.

"मीय येतंय," काका म्हणाले.

काका म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले शेजारी. वय सत्तरीला टेकलेलं. रोज अकरा वाजता माझ्या शेडमध्ये येतात, चहा पितात आणि माझ्या कामातल्या चुका काढतात. 71 च्या लढाईत ते नव्हते, तेव्हा शाळेत होते. नंतर भरती झाले आणि मिसाइल बोटींवर मशीन सांभाळायला गेले. तिथं लढाईतली माणसं अजून होती, त्यांच्या हाताखाली शिकले.

मी हत्यारांची पेटी भरत होतो. काकांनी कोपऱ्यातून गंजलेली नांगराची साखळी ओढली, पाचेक मीटर. अग्निशमनाच्या फाटक्या पाइपचे दोन तुकडे घेतले. नायलॉनचा जाड दोर खांद्यावर टाकला.

"ह्या कित्याक?"

"मशीन चालू नाय झाला तर?"

मला राग आला. पण बोलायची सोय नव्हती, कारण त्या मशीनचं काय झालं असेल ते मला शेडमध्येच कळून चुकलं होतं.

दुपारचा समुद्र तेलासारखा सपाट होता. घाटावर मात्र ढग कापसाच्या गंजीसारखे चढत होते. पाऊस परतताना आमच्याकडे दुपारनंतर वारा डोंगराकडून येतो, तो सांगून येत नाही.

ट्रॉलरवर चढलो. तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारा, आणि चार खलाशी गप्प बसलेले. मशीनच्या खोलीत अजून इतकी धग होती की उतरताना चेहरा भाजला. डिपस्टिक ओढली. तेल असावं तिथं दुधाळ चहा होता. म्हणजे हेड गॅस्केट गेली आणि पाणी तेलात शिरलं. पंपाचं झाकण उघडलं. बारापैकी चार पाती मुळापासून गायब. तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन कुलरच्या तोंडाशी बसलेले असणार.

"काय झाला?" तांडेलानं विचारलं.

"रबर गेला," मी म्हणालो. खोटं नव्हतं, पण खरंही पुरतं नव्हतं.

वर आलो तर काका दोराची जुळणी करत होते. याला आमच्या धंद्यात टोचन म्हणतात. रस्त्यावर टेम्पोला टेम्पो बांधावा तसं मी ते समजत होतो. काकांनी मला बाजूला केलं. ट्रॉलरच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर जिथं घासणार तिथं पाइपचे तुकडे चढवले. दोराच्या मध्यात ती साखळी जोडली. वजनानं दोर पाण्यात झोळ घेऊन राहतो, लाट आली की आधी झोळ सरळ होतो आणि झटका तिथंच जिरतो. साखळी नसती तर तोच झटका होडीच्या लाकडी खुंटाला बसला असता. मग म्हणाले, दोर इतका सोडायचा की होडी लाटेवर चढते त्याच वेळी ट्रॉलरही मागच्या लाटेवर चढला पाहिजे. एक चढताना दुसरा उतरत असला की दोर गेला. होडीतही दोर गाठ मारून बांधला नाही. खुंटाला नुसते चार फेरे, आणि शेवट स्वतःच्या हातात.

"गाठ कित्याक नाय?"

"गाठ येळेर सुटना नाय."

नांगर उचलला आणि निघालो. ताशी जेमतेम तीन सागरी मैल. देवगडपेक्षा विजयदुर्गची खाडी जवळ, म्हणून नाळ तिकडे. दोन्ही आउटबोर्ड ओरडत होती आणि किनारा जागचा हलत नव्हता. मला वाटलं काका चिडतील, वेगाच्या बोटींवर आयुष्य गेलेला माणूस. ते उलट खुशीत होते.

"तुका काय वाटता, आमच्यो बोटी आपल्या पायान मुंबैक इल्यो?"

मग त्यांनी सांगितलं. रशियाकडून आलेल्या त्या आठ बोटी, एकेक सुमारे दोनशे टनांची. मुंबईत एवढं वजन उतरवायची क्रेन नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून सगळ्या हिंदुस्थानाला वळसा घालून मोठ्या जहाजांच्या मागे दोरानं बांधून मुंबईला आणल्या. गाईमागून वासरं आणावीत तशा.

"सगळे मिसाइल सांगतत. दोराचा कोण सांगना नाय."

त्या बोटींच्या मशीनबद्दल मी त्यांना शंभर वेळा विचारलं असेल. त्या दिवशी दोर हातात धरून पुन्हा विचारलं. एका मशीनला 42 सिलिंडर. सात ओळी, प्रत्येक ओळीत सहा, शाफ्टभोवती चांदणीसारख्या मांडलेल्या. एका बोटीत अशी तीन मशीनं. म्हणजे 126 सिलिंडर, 12,000 हॉर्सपॉवर आणि वेग 38 नॉटच्या, म्हणजे ताशी 38 सागरी मैलांच्या वर. सहा सिलिंडरांची टॅपेट लावताना माझी कंबर धरते, मी नुसता आकडा ऐकून गप्प झालो. एवढं जोरकस मशीन फार तास टिकत नाही. त्याचे तास कंजुषासारखे मोजून वापरायचे, असं काका म्हणाले. किनाऱ्याजवळ दबा धरायचा, झेपावायचं, घाव घालून परतायचं, त्यासाठीच ती बोट होती. 1967 च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या तसल्याच छोट्या बोटींनी पोर्ट सैदजवळ इस्रायलचं 'एलात' हे विनाशक जहाज मिसाइलनं बुडवलं, तेव्हा जगाला ही गोष्ट समजली.

पण 71 च्या लढाईत हल्ला करायचा होता कराचीवर, आणि कराची मुंबईपासून सुमारे पाचशे सागरी मैल. किनारा राखायला बनवलेली बोट घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं होतं. म्हणून 4 डिसेंबर 1971 ला 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तिघींबरोबर 'किल्तान' आणि 'कच्छल' ही मोठी जहाजं दिली. पाणबुडी आली तर या छोट्या बोटींना ती दिसणारही नव्हती, ते काम त्या दोघींचं. परतीच्या तेलासाठी 'पोषक' टँकर. दिवसभर कराचीच्या दक्षिणेला 250 मैलांवर विमानांच्या टप्प्याबाहेर थांबल्या आणि अंधार पडल्यावर सुटल्या. प्रत्येकीवर चार मिसाइलं, एकेक दोन टनांहून जड. माणसं रशियात शिकून आलेली, म्हणून रेडिओवर आपसात रशियनच बोलत होती. 'खैबर' विनाशक गेलं, सुरुंग काढणारं 'मुहाफिज' गेलं, दारूगोळा घेऊन येणारं एक मालवाहू जहाज गेलं. आपली बोट एकही नाही. चार दिवसांनी 'विनाश' एकटी मिसाइल बोट पुन्हा गेली, 'त्रिशूल' आणि 'तलवार' सोबतीला, आणि कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या.

काका हे सांगताना हल्ल्यावर दोन वाक्यं बोलतात आणि तेलावर वीस. "गेले ता सगळ्यांका ठावक. परत कशे इले, ता इचार."

तेवढ्यात पूर्वेकडून गार झुळूक आली. मला बरं वाटलं. काकांना नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला.

पाच मिनिटांत समुद्र पांढरा झाला. वारा घाटावरून उतरून थेट तोंडावर. होडी उथळ, हलकी, वाऱ्यानं तिची नाळ डावीकडे फेकली गेली. मागचा ट्रॉलर मात्र आपल्या वजनानं सरळ रेषेत येत राहिला. बघता बघता दोर आमच्या मागे नाही, बाजूला आला आणि ताठ झाला. होडी त्या बाजूला कलली. फायबरच्या कडेवरून पाणी आत आलं, माझी हत्यारांची पेटी सरकत येऊन माझ्या पायावर आदळली. खुंट कडकड वाजला. मी सुकाणूवर होतो आणि घाबरून, अगदी उलट, मी रेस वाढवली.

"रेस सोड! सोड, मेल्या!"

मी हात काढला. त्याच क्षणी काकांनी खुंटावरचे फेरे भिरकावले. दोर सापासारखा सळसळत गेला, खुंटावर धूर आणि जळक्या नायलॉनचा वास राहिला. होडी झटक्यात सरळ झाली. गाठ असती तर हे लिहायला मी नसतो, एवढंच मला कळतं.

ट्रॉलर आता मोकळा झाला होता. तांडेलानं वेळ न घालवता नांगर टाकला. अर्धा तास आम्ही त्याच्याभोवती घिरट्या घातल्या, पाणी उपसलं, भिजून चिंब झालो. वीज विजयदुर्गाच्या मागे पडत होती. मग वारा जसा आला तसा निघून गेला. दोर पुन्हा घेतला. या वेळी काकांनी मला एकच गोष्ट बजावली: मान वळवून दोराकडे बघत राहायचं, पुढचं ते बघतील.

खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता आणि किल्ल्याची भिंत काळी दिसत होती. वारा साफ पडलेला. काका म्हणाले, वारा पडला की आंग्र्यांची मोठी शिडाची जहाजं, गुराबं, इथंच अशी अडकायची आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून काढायची. लहानानं मोठ्याला ओढायचं हे या पाण्याला नवं नाही. आत खाडीत त्यांची गोदी होती. आणि 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली होती. एकाला लागलेली आग सगळ्या आरमाराला लागली.

"त्यांनीय गाठी मारलेल्यो," काका म्हणाले.

हे त्यांनी कुठं वाचलं की स्वतःच जुळवलं, मी विचारलं नाही.

ट्रॉलर धक्क्याला लावला. मालक देवगडहून गाडीनं आला होता. त्यानं काकांचा हात हातात घेतला, मला पाठीवर थाप दिली. ती थाप मला सहन झाली नाही. टॉर्चच्या उजेडात तिथंच इम्पेलर काढून त्याच्या पुढे धरला आणि सांगितलं की हा जुनाच होता, मीच बसवला. तो थोडा वेळ इम्पेलरकडे बघत राहिला. "घाय माझीच होती," म्हणाला. मग म्हणाला, "गॅस्केटचे पैसे मात्र तू."

ठीक. मी कुलरचं तोंड उघडलं आणि चिमट्यानं तुकडे बाहेर काढले. एक. दोन. तिसरा वाकून बसला होता, तो निघाला. काका शेजारी उकिडवे बसून बोटांवर मोजत होते. तुकडे त्यांनी फळीवर ओळीनं मांडले, पुन्हा इम्पेलरवरची पाती मोजली. आठ.

"चौथा पाता खंय?"

मी म्हटलं, उद्या बघू, अंधार झालाय.

"उद्या कित्याक?" त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि पाइपच्या तोंडाशी धरला. "कुलर खोल."