चेंदणीचा म्हातारा, एक सुई आणि तीन फ्लॅग

"दहा लांडगे मारून या, पन्नास नाणी घ्या." व्हिडिओ गेममधली अशी साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरचं छोटं काम, संपली की डोक्यातूनही जाते, कारण काम सांगणाऱ्यालाच त्या लांडग्यांचं काही पडलेलं नसतं. 'विचर ३' (२०१५) या गेममध्ये अगदी सुरुवातीला एक म्हातारी आपला तवा शोधून द्या म्हणते. काम पाच मिनिटांचं. पण बंद झोपडीत शिरलं की प्रेत दिसतं, माग लागतो, आणि म्हातारीला हवा असतो फक्त तवा. तिथेच ती जिवंत होते.

आता अशीच एक क्वेस्ट आपल्या ठाण्यात रचून बघा. चेंदणी कोळीवाड्यात म्हातारा जाळं दुरुस्त करतोय. नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आलीय आणि जाळं विणायची सुई पुतण्याकडे अडकलीय. पुतण्याने काकांना न विचारता होडी विकली, आता तो वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात आहे. सुई परत करायची तर काकांसमोर उभं राहावं लागेल, म्हणून ती त्याच्या खणात पडून आहे.

म्हाताऱ्याचं पहिलं वाक्य "माझी सुई आणशील का?" असं मुळीच नको. "हात रिकामे आहेत ना? मग हे टोक धर." खेळाडूने जाळं धरलं की सुईचा विषय आपोआप निघतो. पुतण्याने सुई मुकाट्याने काढून द्यावी आणि एवढंच विचारावं, "काका काही बोलले?" होडीचं दुःख दोघांनीही शब्दांत सांगायचं नाही, नवखे लेखक नेमके इथेच घसरतात.

फ्लॅग, म्हणजे एखादी गोष्ट घडली की नाही याची गेमने ठेवलेली नोंद, तीन पुरतात: सुई दिली, खरं सांगितलं, पुतण्या आला. प्रत्येक निवडीला वेगळा प्रसंग लिहू नका, काम हाताबाहेर जातं. पौर्णिमेचा एकच प्रसंग ठेवा आणि त्यात चार-पाच वाक्यं बदला. पुतण्या आला असेल तर नारळ त्याच्या हातात, नाहीतर म्हाताऱ्याच्या. जगाने खेळाडूचं केलेलं लक्षात ठेवणं पन्नास नाण्यांपेक्षा मोठं बक्षीस आहे. 'मास इफेक्ट २' (२०१०) या गेममध्ये सोबत्यांची वैयक्तिक कामं केली की नाही, यावर शेवटच्या मोहिमेत कोण वाचतं हे बऱ्याच अंशी ठरतं, म्हणून ती कामं कुणी सहसा टाळत नाही.

हमखास फसणारी जागा म्हणजे खेळाडू आधीच वर्कशॉपात भटकून सुई उचलतो. मग म्हाताऱ्याचा संवाद अडकतो. पहिल्या भेटीतच सामानात सुई आहे का हे तपासा आणि त्यासाठी वेगळी ओळ लिहा: "ही तुझ्याकडे कशी?" सुई दुकानात विकता येणार नाही, अशी खूणही लावा. तीन फ्लॅगच्या आठ जोड्या होतात. त्यांतल्या अशक्य जोड्या वगळा आणि उरलेल्या सगळ्या एकेक करून खेळून बघा, विशेषतः सुई न देता पौर्णिमा उजाडते ती.