प्यूजोच्या जागी कोण? जुन्या जीपसाठी टर्बो इंजिन निवडताना

माझी जीप महिंद्रा एमएम ५४०. १९९० ची, एमएच-१५ पासिंग. मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, कागदावर ६२ एचपी. त्यातले घोडे किती जिवंत उरले होते देव जाणे. ऑइलचं झाकण उघडलं की धूर वर यायचा, डिसेंबरात दिंडोरीच्या द्राक्षबागेवर पहाटे हीटर प्लग (थंडीत डिझेल पेटावं म्हणून असतात ते) तापवता तापवता बॅटरी बसायची आणि कसारा घाटात मागचे ट्रकवाले हॉर्नवरून हात काढायचे नाहीत. पुन्हा खोलून बांधायचं म्हटलं तर हेड, क्रँक, पंप, नोझल असं सगळंच आलं. शिवाय प्यूजोचे चांगले पार्ट आता शोधत फिरावं लागतं. इंजिनच बदलायचं ठरलं.

जुन्या जीपवाल्यांना विचारा, दोन पक्ष पडतात. एक डीआय टर्बोवाल्यांचा, दुसरा सीआरडीईवाल्यांचा. दोन्ही इंजिनं महिंद्राचीच, दोन्ही टर्बो (बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून इंजिनात जास्त हवा भरणारी), दोन्ही अडीच लिटरच्या आसपास. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, साध्या पंपावर चालणारं एमडीआय ३२०० टीसी, २५२३ सीसी. जुनी बोलेरो, पिकअप आणि पहिल्या थारचं डीआय मॉडेल यांत ते यायचं. थारमध्ये ६३ एचपी आणि १८२.५ एनएम टॉर्क. सीआरडीई म्हणजे एनईएफ, २४९८ सीसी, कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल, त्यावर कॉम्प्युटरचा ताबा), इंटरकूलरसकट (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी). त्याच थारच्या वरच्या मॉडेलमध्ये १०५ एचपी आणि २४७ एनएम. आकड्यांवर निकाल लावायचा असता तर हा लेख इथेच संपला असता.

माझे साडू इगतपुरीला असतात, त्यांच्याकडे थार सीआरडीई आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे ती मी मनसोक्त चालवली. अठराशे आरपीएमला पाठीत जो धक्का बसतो तो विसरता येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढते, गिअर टाकावा लागत नाही. घरी येताना मी पुरता सीआरडीईच्या बाजूचा झालो होतो. साडू म्हणाले, "घ्या की, आयुष्यात एकदाच करायचंय."

दुसऱ्या दिवशी मिस्तरींकडे गेलो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. द्वारक्याच्या अलीकडे त्यांची शेड आहे आणि जीप सोडून दुसऱ्या गाडीला ते सहसा हात लावत नाहीत. मी सीआरडीईचं नाव काढल्यावर ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मला जीपखाली झोपायला लावलं.

"तुमचा पुढचा अ‍ॅक्सल कसा आहे दादा?"

अखंड. पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेला, सबंध हौसिंग, म्हणजे त्याचं कवच, वरखाली होणारा. खड्ड्यात गेलं की पाटा दबतो आणि पुढचा डिफरेन्शियल (त्या कवचातला गिअरचा गोळा) इंजिनच्या तळाकडे वर येतो. थार डीआयमध्येही पुढे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सलच होता, त्यामुळे तिच्या फोर बाय फोरचा ऑइल संप (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) अ‍ॅक्सलला जागा ठेवूनच बनवलेला. थार सीआरडीईला मात्र पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, टॉर्शन बारवालं, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारं. तिथे डिफरेन्शियल चेसिसला बांधलेला, जागचा हलत नाही. त्या हिशेबाने बनलेला संप माझ्या जीपमध्ये घातला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात हौसिंग संपला भिडणार. उपाय आहेत. संप कापून नव्याने वेल्ड करायचा, ऑइल पिकअपची नळी हलवायची, नाहीतर इंजिन वर उचलायचं. वर उचललं की बॉनेट बसत नाही आणि प्रोपेलर शाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. "होतं सगळं," चाचा म्हणाले, "पण मग ते तुमचं इंजिन राहत नाही, माझं होतं. दर महिन्याला माझ्याकडेच."

थारच्या जाहिरातीत कुणी संपचा फोटो टाकत नाही. इंजिन बदलणाऱ्याने मात्र तोच आधी बघावा.

दुसरी अडचण वायरिंगची. एनईएफला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) लागतो, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर, चावीचं इमोबिलायझर, आणि हे सगळं एकाच गाडीचं असेल तरच एकमेकांना ओळखतं. भंगारात इंजिन मिळतं, पण हार्नेस (वायरांचा जुडगा) बहुतेक वेळा कापलेला असतो, कारण काढणारा माणूस घाईत असतो. माझ्या जीपची अख्खी वायरिंग काढून पसरली तरी एका चादरीवर मावेल. डीआयला चालू राहायला वीज लागते ती जवळजवळ फक्त पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडला, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या खटक्याला. मोखाड्याच्या अलीकडे रात्री गाडी बंद पडली तर एक वायर कुठून कुठे जोडायची एवढं मला कळतं. ईसीयूने रुसवा धरला तर लॅपटॉपवाला शोधायला नाशिकला यावं लागणार.

तिसरी गोष्ट टाकीची. पस्तीस वर्षांच्या टाकीला आतून गंज असतोच. जुना पंप हा गंज बऱ्यापैकी पचवतो. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबाने नोझलमधून जातं. तिथे बारीक कण आणि पाणी म्हणजे नोझल गेलं समजा, आणि एका नोझलच्या किमतीत डीआयच्या पंपाचं काम निघतं. नवी टाकी, नव्या नळ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर हे सीआरडीईला पर्याय म्हणून नाही, सक्तीचंच. इंटरकूलरसाठी सपाट बॉनेट कापायचं ते वेगळंच. जुन्या जीपचं बॉनेट कापायला माझं मन होत नव्हतं, ही हौसेची गोष्ट म्हणून सोडून द्या.

सीआरडीईच्या बाजूने आणखी एक म्हणायला हवं. हायवेवर रोज जाणाऱ्याने, पुढे डिस्क ब्रेक आणि सगळी वायरिंग नवी करण्याची तयारी असणाऱ्याने, अपघातात गेलेली अख्खी थार सीआरडीई घेऊन तीच खोलावी. त्याला मी अडवणार नाही. आमची जीप बागेवरून घरी, घरून बागेवर, आणि शनिवार-रविवारी त्र्यंबक, जव्हार, हरिहरच्या पायथ्याला. शंभरच्या वर पळवायची वेळ येत नाही.

आता आरटीओचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीत असलेला गाडीचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही याच कलमावर कडक भूमिका घेतली. म्हणजे आधी इंजिन घालून मग कागद बघू, हा जुना मार्ग आता धोक्याचा. मी काम सुरू करण्याआधी अर्ज घेऊन गेलो. निरीक्षक साहेबांनी शांतपणे विचारलं, कंपनी तीच का, इंधन तेच का, ताकद किती वाढते. डीआयची ताकद ६३, माझी मूळ ६२. शिवाय महिंद्राने नंतरच्या जुन्या ढंगाच्या जिपांतही डीआय जातीची इंजिनं दिलेली होती. त्यामुळे बोलणं पुढे सरकलं. एनईएफचा १०५ हा आकडा सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. "हे अवघड आहे," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरलं. आधी परवानगी, मग बदल, मग चौदा दिवसांच्या आत कळवून तपासणी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद, त्यानंतर विमा कंपनीला पत्र, हा क्रम. प्रत्येक कार्यालयात कागदांची यादी थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नका.

शोध सुरू केला कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून. एका दुकानात टायरवर ठेवलेलं इंजिन दाखवून दुकानदार म्हणाला, "बिलकुल डीआय है सेठ." लांबून तसंच दिसतं. जवळ जाऊन हेडच्या बाजूला बघितलं तर लांब रेल आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा सॉकेट. ते एमटूडीआयसीआर होतं, त्याच २५२३ सीसीचं कॉमन रेल भावंड, नंतरच्या बोलेरोतलं. खऱ्या डीआयला पंपातून निघालेल्या चार नळ्या थेट नोझलांना जातात आणि नोझलवर वायर नसते. शेजारच्या गल्लीत खरं डीआय मिळालं, स्वस्तही होतं, पण नंबरच्या जागी ग्राइंडर फिरलेला. तसलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचं निघालं तर जीप जाते आणि आपणही जातो.

अखेर नाशिकच्याच एका भंगारवाल्याकडे विम्याच्या लिलावातली थार डीआय फोर बाय फोर आली. मागून ठोकलेली, पुढचा भाग शाबूत, कागद पूर्ण. इंजिन जागेवर असल्यामुळे चालू करून बघता आलं. चाचांनी आधी एअर फिल्टरचा पाइप काढून टर्बोच्या चाकाचं टोक चिमटीत धरलं. बाजूला किंचित हललं, पण हौसिंगला घासलं नाही. आतबाहेर ओढलं तर जराही हललं नाही. मग गाडी चालू करून ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं. झाकण थरथरलं पण उडालं नाही, म्हणजे रिंगा ठीक. टर्बोतून बाहेर जाणाऱ्या पाइपात बोट फिरवलं, ऑइलचा पातळ थर आला, डबकं नव्हतं. "घ्या," चाचा म्हणाले. इंजिन, एनजीटी ५२० गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा), इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशन, सगळं एका बिलावर घेतलं. बिलावर इंजिन नंबर आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत. एनईएफचा असाच पूर्ण सेट मला जवळजवळ दुप्पट सांगत होते.

जुना गिअरबॉक्स ठेवायचा विचार मनात होता, पण चार गिअरचा तो डबा एवढ्या टॉर्कला किती दिवस टिकेल याची खात्री कुणी देईना. थारचाच डबा घातला. तो लांब, जीप आखूड, त्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागला आणि पुढच्याची लांबी जुळवली. रेडिएटर थारचा जाळीमागे मावेना, म्हणून जुन्याच मापाचा जाड कोअरचा तांब्याचा बनवून घेतला. इंजिन बसल्यावर पुढचा अ‍ॅक्सल जॅकने पाटा पूर्ण दबेपर्यंत वर घेतला आणि संप आणि हौसिंगमध्ये हात घालून बघितलं. हात मोकळा फिरला.

पहिल्यांदा चालू करतानाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. टर्बोला ऑइल देणारी नळी सोडून चाचांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आत ऑइल सोडलं आणि चाक बोटाने फिरवलं. मग सोलेनॉइडची वायर काढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, नुसता सेल्फ मारला, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. आणि शेडमधल्या पोराला एक लाकडी फळी घेऊन हवेच्या पाइपाजवळ उभं केलं. टर्बोचं सील गेलेलं असेल तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणं हा खात्रीचा इलाज. फळीची गरज पडली नाही. वायर लावली, दुसऱ्या सेल्फला गाडी धरली. हीटर प्लगची वाट बघणं संपलं.

आता कशी आहे? कसारा तिसऱ्या गिअरवर निघतो, कधी चौथ्यावर. पंधराशेच्या आसपासच पिकअप येतो, त्यामुळे बागेतल्या चिखलात क्लच जाळावा लागत नाही. उणंही सांगतो. प्यूजो साडेचार हजारापर्यंत फिरायचं, डीआयची ताकद बत्तीसशेलाच संपते. जुन्या क्राउन-पिनियनवर (डिफरेन्शियलमधल्या गिअरच्या जोडीवर) पाचवा गिअर असूनही ऐंशीच्या पुढे इंजिन बोंबलतं. कानाला कापूस लावावा असा आवाज आहे, आणि टर्बोखालच्या पाइपाची उष्णता ब्रेकच्या नळीला लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा करावा लागला. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद करतो, नाहीतर टर्बोच्या शाफ्टवरचं ऑइल तिथेच जळतं.

लांब रेशोच्या क्राउन-पिनियनचा जोड चाचांनी बघून ठेवलाय. पुढे आणि मागे दोन्हीकडे एकाच रेशोचा लागेल, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केसच तुटेल. द्राक्षाचा हंगाम संपला की ते काम घेणार आहे.