तोडले बापाने, जोडतो नातू

रविवार, रात्र

आज दुपारी ‘अत्तारिंटिकी दारेदी’ पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून मनात घोळते आहे ती नदियाने साकारलेली सुनंदा. त्रिविक्रम श्रीनिवास यांचा हा तेलुगू चित्रपट २०१३ च्या सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी आंध्र प्रदेशाच्या विभाजनावरून आंदोलन पेटले होते आणि त्यापायी चित्रपटाचे प्रदर्शनही लांबले होते. राज्य दुभंगत असताना तिथल्या प्रेक्षकांनी दुभंगलेल्या घराची ही गोष्ट डोक्यावर घेतली, याचे मला फार अप्रूप वाटते.

मिलानमध्ये राहणारा श्रीमंत उद्योगपती रघुनंदन याने, आपल्या इच्छेविरुद्ध राजशेखर या वकिलाशी लग्न केले म्हणून मुलीला, म्हणजे सुनंदाला, घराबाहेर काढलेले असते. पंचवीस वर्षांनी, ऐंशीव्या वाढदिवसाला तिने घरी यावे अशी आस त्याला लागते, आणि आत्याला घेऊन येण्याचे वचन देऊन नातू गौतम हैदराबादला तिच्याच घरी सिद्धू नावाचा ड्रायव्हर म्हणून राहतो. मधले विनोद आणि मारामाऱ्या गौतम झालेल्या पवन कल्याणच्या चाहत्यांसाठी आहेत; त्यांत मन रमले नाही.

मन गुंतले ते या गोष्टीत, की सिद्धू म्हणजे आपला भाचा आहे हे सुनंदाने केव्हाच ओळखलेले असते. वडिलांकडे परत नेण्याचा प्रयत्न करू नकोस, असे ती त्याला स्पष्ट बजावते. पण ओळख पटल्याबरोबर तिने त्याला घालवून दिलेले नसते. माहेर तुटलेल्या बाईला माहेरचे माणूस डोळ्यांसमोर हवे असते आणि तरीही झालेला अपमान विसरता येत नाही, हे नदियाने आवाज न चढवता, केवळ ताठ मानेने आणि रोखलेल्या नजरेने उभे केले आहे. आमच्या नात्यातही एक आत्या होती, जिचे नाव घरात काढायची सोय नव्हती. सुनंदाकडे पाहताना तिची आठवण येणे साहजिकच होते.

रेल्वे स्थानकावरच्या प्रसंगात गौतम अखेर मन मोकळे करतो. सुनंदा घराबाहेर पडली त्याच दिवशी रघुनंदनाने स्वतःवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला होता आणि ती गोळी लागून गौतमची आई गेली होती. तू वडिलांचा द्वेष करायचे ठरवलेस, मी आजोबांवर प्रेम करायचे ठरवले, या आशयाचे त्याचे बोलणे ऐकताना आजही डोळे भरून आले. आईविना वाढलेल्या मुलाने हे म्हणावे, यात त्या मुलाचे मोठेपण निश्चितच आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे. त्या प्रसंगात पाझर फुटायचा तो सुनंदाला, चूक उमगायची ती सुनंदाला आणि राजशेखरला. ज्याच्या हट्टापायी हे सारे घडले तो रघुनंदन मात्र दूर परदेशात वाट पाहत असतो. जिने घर सोडले नव्हते, जिला घराबाहेर काढले होते, तिच्याकडेच मनाच्या मोठेपणाची अपेक्षा केली जाते. आपल्याकडेही रुसवे काढण्याचे काम नेहमी माहेरवाशिणीच्याच गळ्यात पडते. सुनंदा शेवटी वडिलांना भेटते हे मला मनापासून पटते. परंतु रघुनंदनाने पंचवीस वर्षांत एकदा तरी विमानात बसून स्वतः हैदराबादला यायला हवे होते आणि लेकीच्या दारात उभे राहून तिची क्षमा मागायला हवी होती.